भिंतीवर रंग का उमटले नाहीत? दहावीच्या वर्गातील अपवर्तन आणि अपस्करणाचे एक प्रकरण

परिस्थिती

निमशहरी भागातली मराठी माध्यमाची शाळा. दहावीचा ४२ विद्यार्थ्यांचा वर्ग, लागोपाठच्या दोन तासिका मिळून ७० मिनिटे. विषय ‘प्रकाशाचे अपवर्तन’ (एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना प्रकाशाचे वळणे) आणि त्यातच येणारे अपस्करण (पांढऱ्या प्रकाशातले रंग सुटे होणे). प्रयोगशाळेच्या कपाटात काचेच्या सहा चिपा (आयताकृती जाड ठोकळे), काचेचा एक समभुज लोलक (प्रिझम), दोन बहिर्वक्र भिंगे आणि टाचण्यांची डबी. खिडक्यांना पडदे नाहीत. पाठ पहिल्या सत्रात येतो, म्हणजे ऐन पावसाळ्यात, त्यामुळे उन्हाचा भरवसा नाही. (ही कुठल्या एका शाळेची नोंद नाही. अशा वर्गांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एका वर्गात एकत्र मांडल्या आहेत. आकडे काचेच्या आणि पाण्याच्या अपवर्तनांकांवरून काढले आहेत.)

पहिल्या तासिकेत सात-सात जणांच्या सहा गटांनी चीप आणि टाचण्या वापरून काचेचा अपवर्तनांक काढला, म्हणजे आपतन कोनाच्या (काचेवर येणाऱ्या किरणाच्या) sin ला अपवर्तन कोनाच्या (काचेत वळलेल्या किरणाच्या) sin ने भागले. उत्तर १.५ च्या आसपास यायला हवे होते. फळ्यावर आले ते असे: १.४८, १.७०, १.००, १.६६, ०.९२ आणि १.५३. दुसऱ्या तासिकेत मोबाइलच्या टॉर्चचा झोत पुठ्ठ्याच्या फटीतून लोलकावर सोडला. पलीकडे ३० सेंटीमीटरवर धरलेल्या कागदावर पांढरा पट्टा आला. त्याची एक कड लालसर-पिवळी, दुसरी निळसर. मुलांनी वहीत मात्र ‘तानापिहिनिपाजा’ असे सात रंग क्रमाने लिहून टाकले.

या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. प्रयोग फसला तर दुरुस्त करता येतो. न दिसलेले निरीक्षण वहीत गेले की दुरुस्तीची वाटच बंद होते.

चुकीच्या उत्तरालाही पत्ता असतो

सहा उत्तरांपैकी चार चुकली म्हणून प्रयोग पुन्हा करायला सांगणे सोपे आहे, पण त्याने फारसे काही साधत नाही. या प्रयोगात एकेका ठरावीक चुकीतून एकेक ठरावीक आकडा येतो, आणि शिक्षकाला तो ओळखता आला तर गटाची आकृती पाहण्याआधीच चूक कुठे झाली ते सांगता येते.

०.९२ पासून सुरुवात करू. आपतन कोन ३० अंश असेल तर १.५ अपवर्तनांकाच्या काचेत अपवर्तन कोन १९.५ अंश येतो. या गटाने दोन्ही कोन स्तंभिकेपासून (चिपेच्या कडेवर काढलेल्या लंबापासून) मोजण्याऐवजी चिपेच्या कडेपासून मोजले: ६० आणि ७०.५ अंश. sin ६०° भागिले sin ७०.५° म्हणजे ०.९२. हवेतून काचेत जाताना एकापेक्षा कमी उत्तर आले, तर पहिला संशय इथे घ्यावा. दुसरा संशय उलट भागाकाराचा, पण त्यात ०.६७ च्या जवळपासचा आकडा येतो, त्यामुळे दोन्ही चुका वेगळ्या ओळखता येतात.

१.७० आले त्या गटाने कोनांच्या ज्या (sin) काढल्याच नाहीत, नुसत्या कोनांचा भागाकार केला: ६० भागिले ३५.३. गंमत अशी की हीच चूक ३० अंशांवर केली असती तर उत्तर १.५४ आले असते आणि कुणाच्या लक्षातही आली नसती. म्हणून प्रत्येक गटाकडे निदान एक वाचन ६० अंशांचे असावे.

१.०० नेमके येणे हे सर्वांत बोलके. टाचणी चिपेपेक्षा उंच असते. चिपेच्या पलीकडच्या दोन टाचण्यांची डोकी काचेच्या वरून थेट दिसतात, आणि मूल तिसरी-चौथी टाचणी त्या डोक्यांच्या ओळीत लावते. प्रकाश काचेतून आलेलाच नाही, मग वळणार कसा? उपाय म्हणजे डोळा कागदाखालच्या बोर्डच्या पातळीवर आणायचा, दुसरा डोळा मिटायचा आणि काचेतून दिसणाऱ्या टाचण्यांची बुडे जुळवायची. डोक्यांकडे पाहायचेच नाही. उंच बाकांवर मुले उभ्याने वाकून पाहतात तेव्हा ही चूक हमखास होते. बोर्ड बाकाच्या कडेशी ठेवून गुडघ्यावर बसायला सांगितले की बरीचशी टळते.

१.६६ ची कथा वेगळी आहे, इथे गटाने पद्धत चुकवलेली नाही. त्यांनी आपतन कोन १५ अंश घेतला होता. तिथे खरा अपवर्तन कोन ९.९ अंश. मोजताना एका अंशाची चूक झाली की उत्तर एका बाजूला १.६६, दुसऱ्या बाजूला १.३६. तीच एका अंशाची चूक ६० अंशांच्या आपतनाला झाली तर उत्तर १.४६ ते १.५४ च्या दरम्यानच राहते. कंपासपेटीतल्या कोनमापकावर अर्ध्या अंशापेक्षा बारीक वाचता येत नाही, तेव्हा १५ आणि २० अंशांची वाचने या प्रयोगात घेऊच नयेत. ३०, ४५ आणि ६० पुरेत.

सुधारलेली मांडणी: चीप आणि टाचण्या

५० मिलिमीटर रुंदीच्या चिपेसाठी हे हिशेब आहेत. खाली दोन थरांचा पुठ्ठा किंवा थर्माकोल, वर कोरा कागद, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी. चिपेची सीमारेषा टोकदार पेन्सिलने काढावी. बोथट पेन्सिलची रेघ काचेपासून मिलिमीटरभर दूर पडते आणि आकृतीतली चीप खऱ्या चिपेपेक्षा दोन मिलिमीटर रुंद होते. पहिल्या दोन टाचण्यांमध्ये ८ सेंटीमीटर अंतर ठेवावे. टाचणी अर्धा मिलिमीटर सरकली तर ३ सेंटीमीटर अंतराला दिशा जवळजवळ एका अंशाने चुकते, ८ सेंटीमीटरला एक तृतीयांश अंशाने. टाचण्या सरळ उभ्या हव्यात. कललेली टाचणी बुडाशी एका ठिकाणी असते आणि नजरेला दुसरीकडेच दिसते.

चीप उचलण्याआधी तिची सीमारेषा पुन्हा गिरवून पाहावी. रेघ जुळली नाही तर मधल्या वेळात चीप हलली आहे.

आकृती पूर्ण झाल्यावर आधी कोन मोजायचे नाहीत. आधी पाहायचे की निर्गत (बाहेर पडणारा) किरण आपाती (आत शिरणाऱ्या) किरणाला समांतर आहे का. चिपेचे दोन पृष्ठभाग समांतर असल्यामुळे तो समांतरच यायला हवा, चीप कागदावर कशीही तिरकी ठेवलेली असो. समांतर नसेल तर दोष टाचण्यांत आहे. समांतर असूनही अपवर्तनांक चुकला तर दोष चीप सरकण्यात, कोन मोजण्यात किंवा आकडेमोडीत. ही एक तपासणी केली की चुकीचा शोध निम्म्यावर येतो.

दुसरी पडताळणी किरणाच्या बाजूला सरकण्याची. ५० मिलिमीटर काचेतून जाताना ३० अंशांना किरण ९.७ मिलिमीटर सरकतो, ४५ अंशांना १६.५, ६० अंशांना २५.६ मिलिमीटर. हे अंतर साध्या पट्टीने मोजता येते आणि कोनमापकाच्या वाचनावर अवलंबून नसते.

हा भाग ३० मिनिटांत आटोपतो, पण सहा गटांना सहा चिपा असतील तरच. चिपा कमी असतील तर पारदर्शक, सपाट बाजूंचा प्लॅस्टिकचा डबा पाण्याने भरून वापरावा. पाण्यासाठी ४५ अंशांना अपवर्तन कोन ३२.१ अंश येतो. डब्याच्या पातळ भिंतीमुळे दिशेत फरक पडत नाही, पण डब्याच्या बाजू खाली निमुळत्या असतील तर पडतो. कटलरीचे बरेच डबे तसे असतात.

ग्लासातली वाकडी पेन्सिल आणि वाटीतले नाणे यांत इथे वेळ घालवलेला नाही. ते प्रयोग आठवीच्या वयाला छान आहेत. दहावीत ते मोजमापाशी जोडले तरच कामाचे. एक अपवाद: खाद्यतेलात बुडवलेली बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी. तेल आणि ही काच दोन्हींचा अपवर्तनांक १.४७ च्या जवळ असतो, त्यामुळे नळी आत आणि बाहेर तेलाने भरली की दिसेनाशी होते. ‘अपवर्तनांक सारखा असेल तर प्रकाश वळत नाही’ हे वाक्य मुले यानंतर पाठ करत नाहीत, वापरतात. साध्या सोडा काचेची नळी मात्र अंधूक दिसत राहते, कारण तिचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास.

पांढरा पट्टा, रंगीत कडा

आता मुख्य अडचण. क्राऊन काचेच्या ६० अंशी लोलकातून किरण किमान विचलनाच्या स्थितीत, म्हणजे तो कमीत कमी वळतो तेव्हा, सुमारे ३८ ते ४० अंश वळतो. यात तांबड्या आणि जांभळ्या टोकांमधला फरक किती? जेमतेम दीड अंश. पाठ्यपुस्तकातली आकृती हा फरक पंख्यासारखा पसरलेला दाखवते, कारण दीड अंश छापून दिसणारच नाही. त्या आकृतीवर विश्वास ठेवून कागद लोलकाच्या जवळ धरला जातो, आणि प्रयोग तिथेच फसतो.

हिशेब साधा आहे. दीड अंश म्हणजे ३० सेंटीमीटरवर ८ मिलिमीटर, १ मीटरवर २६, २ मीटरवर ५२ आणि ३ मीटरवर ७९ मिलिमीटर. वर्गातली फट १५ मिलिमीटर रुंद होती. रुंद फट म्हणजे शेजारी-शेजारी ठेवलेल्या अनेक अरुंद फटी. प्रत्येकीची वर्णपंक्ती (रंगांचा पट्टा) ८ मिलिमीटरची, आणि शेजारणीच्या वर्णपंक्तीपासून थोडी सरकलेली. मधल्या भागात सगळे रंग एकमेकांवर पडून पुन्हा पांढरे होतात. फक्त दोन कडांना सोबत मिळत नाही, म्हणून एका कडेला तांबडा-पिवळा आणि दुसऱ्या कडेला निळा-जांभळा उरतो. मुलांनी पाहिले ते चूक नव्हतेच. अपस्करण झाले होते, फक्त वेगळे दिसण्याइतकी जागा त्याला मिळाली नव्हती. हे फळ्यावर तीन फटी काढून दाखवले तर फसलेला प्रयोगच या पाठातला सर्वांत उपयोगी प्रयोग ठरतो. वर्गातून तो वगळू नये असे आमचे मत आहे.

मग फट १ मिलिमीटर करून कागद ३ मीटरवर न्यावा? टॉर्चला नुसते तेवढे करून भागत नाही. टॉर्चचा झोत स्वतःच पसरत जातो, आणि तीन मीटरवर उरतो तो इतका फिका की दिवसाउजेडी काहीच दिसत नाही. इथे भिंग हवे.

टॉर्च, फट, भिंग, लोलक

काळ्या कार्डशीटमध्ये ब्लेडने २० मिलिमीटर लांब आणि १ मिलिमीटर रुंद फट कापावी. फाटलेल्या कडा नकोत; दोन सरळ कडा शेजारी चिकटवून केलेली फट जास्त चांगली. टॉर्च फटीला अगदी चिकटून ठेवावा. फटीपासून २३ सेंटीमीटरवर २० सेंटीमीटर नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग. आता लोलक न ठेवता दीड मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर फटीची स्पष्ट प्रतिमा आणावी, भिंग थोडे पुढे-मागे करून. ही पायरी टाळली की पुढचे सगळे अंधूक येते. प्रतिमा साडेसहा पट मोठी, म्हणजे साडेसहा मिलिमीटर रुंद असते.

त्यानंतर भिंगाला लागून लोलक ठेवायचा, त्याच्या उभ्या कडा फटीला समांतर. झोत वळल्यामुळे कागद मूळ जागी कामाचा नाही. लोलकापासून तेवढ्याच अंतरावर, पण सुमारे ३९ अंश बाजूला, लोलकाच्या पायाकडे न्यावा लागतो. पांढऱ्या एलईडीची वर्णपंक्ती दीड मीटरवर साधारण ३ सेंटीमीटर रुंद येते. साडेसहा मिलिमीटरच्या प्रतिमेसमोर ३ सेंटीमीटर, म्हणजे रंग वेगळे ओळखता येतात. १० सेंटीमीटर नाभीय अंतराचे भिंग वापरले तर फटीची प्रतिमा १४ मिलिमीटर रुंद होते आणि रंग पुन्हा मिसळतात. कपाटात दोन भिंगे असतील तर कमी फुगीर उचलावे.

लोलक फिरवताना एक सापळा आहे. किरण पहिल्या पृष्ठभागावर सरळ, लंबरूप सोडला तर तो आत दुसऱ्या पृष्ठभागावर ६० अंशांनी आदळतो. काचेचा क्रांतिक कोन सुमारे ४१ अंश; आतून याहून मोठ्या कोनाने आदळलेला किरण त्या पृष्ठभागातून बाहेर पडत नाही. म्हणजे पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन किरण तिसऱ्या पृष्ठभागातून बाहेर पडतो, तोही पांढराच. लोलक ‘खराब’ असल्याचा निष्कर्ष बहुतेक वेळा याच स्थितीत निघतो. आपतन कोन सुमारे ३० अंशांपेक्षा कमी असेपर्यंत दुसऱ्या पृष्ठभागातून काहीच बाहेर येत नाही. सुरुवात ५० अंशांच्या आसपास करावी, मग लोलक सावकाश फिरवावा. रंगपट्टा एका दिशेने सरकत जातो, थांबतो आणि उलटा फिरतो. तो थांबतो ते किमान विचलन. लोलक तिथेच चिकटपट्टीने पक्का करावा.

एलईडीच्या वर्णपंक्तीत निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये पट्टा मंद दिसतो. पांढरा एलईडी हा निळा प्रकाश देणारा छोटा इलेक्ट्रॉनिक तुकडा आणि त्याच्यावरचा पिवळसर लेप असा असतो. दोघांच्या मधल्या भागात प्रकाश कमी. मुलांनी ‘हिरव्या-निळ्याच्या मध्ये पट्टा फिका का?’ विचारले तर हा खरा उत्तराचा धागा. एखादा रंग नाही दिसला तर नाही दिसला असे वहीत लिहायला सांगावे.

शाळेत प्रोजेक्टर असेल तर वरची जुळवाजुळव वाचते: काळ्या स्लाइडवर एक बारीक पांढरी उभी रेघ काढायची, ती भिंतीवर स्पष्ट करायची आणि प्रोजेक्टरच्या भिंगापुढे लोलक धरायचा. फट, भिंग, प्रखर दिवा एकाच पेटीत मिळतात.

ऊन मिळाले तर

खिडकीबाहेर आरसा, आरशावर २ मिलिमीटर फटीचा काळा कागद, आत लोलक, ३ मीटरवर भिंत. सूर्य बिंदू नाही, आकाशात तो अर्धा अंश रुंद आहे, म्हणून ३ मीटरवर प्रत्येक रंग स्वतःच २८ मिलिमीटर पसरतो. ७९ मिलिमीटरच्या वर्णपंक्तीत असे तीनच पट्टे सुटे बसतील. भिंत आणखी लांब नेऊन उपयोग नाही. वर्णपंक्ती आणि सूर्याचा ठसा दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. सात सुटे पट्टे मोजण्याचा हट्ट इथे सोडावा. रंग सलग बदलतात, त्यांना नावे आपण देतो.

न्यूटनने हाच हिशेब केला होता. १६७२ मध्ये त्याने रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये लिहिले की खिडकीच्या झडपेला पाव इंचाचे छिद्र, २२ फुटांवर भिंत, आणि वर्णपंक्ती सव्वातेरा इंच लांब, पण २ पूर्णांक ५/८ इंच रुंद. २२ फूट म्हणजे ६.७ मीटर, तेवढ्या अंतरावर सूर्याचा ठसा ६.२ सेंटीमीटर, त्यात छिद्राचे ६ मिलिमीटर मिळवले की ६.८. त्याने मोजलेली रुंदी ६.७ सेंटीमीटर. रुंदीचा हिशेब लागला, लांबीचा लागेना, आणि तिथूनच त्याचा शोध सुरू झाला. हा गुणाकार दहावीचा विद्यार्थी वहीत करू शकतो.

उन्हातला कवडसा स्थिर राहत नाही. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे ३ मीटरवर कवडसा मिनिटाला सव्वा सेंटीमीटर. आरशाशी एक विद्यार्थी कायम बसवावा, पाठ सूर्याकडे करून. आरशातून सूर्य कुणाच्याही डोळ्यांवर जाता कामा नये. आरसा आधी झाकलेला ठेवून मग उघडावा.

लोलक नसलेल्या शाळेत ताटलीत पाणी आणि कलता आरसा चालतो, पण त्याचा कोन सांभाळावा लागतो. सूर्य ४५ अंशांवर असताना आरसा सूर्याकडे तोंड करून तळापासून ३० ते ३५ अंश उचलावा. ३५ अंशांना पाण्यातूनही जवळपास दीड अंशाचे अपस्करण मिळते. आरसा ४० अंशांच्या वर उभा केला की किरण पाण्याच्या पृष्ठभागावर आतूनच परत फिरतो. महाराष्ट्रात डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य ४५ ते ५० अंशांवरच असतो, त्यामुळे दुसऱ्या सत्रातल्या उजळणीला हे सोयीचे. दोन चुका नेहमीच्या. एक, पाणी स्थिर होण्याआधीच पाहणे. दुसरी, रंग समोरच्या भिंतीवर शोधणे. समोर जातो तो पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला पांढरा कवडसा. रंग सूर्याच्याच बाजूला परत येतात, तेव्हा कागद खिडकीच्या बाजूला धरावा.

रंग लोलकाचे की प्रकाशाचे?

वर्णपंक्ती नीट दिसल्यावरही वर्गातला एक समज टिकून राहतो: लोलक पांढऱ्या प्रकाशाला रंग देतो. तोंडी सांगून तो जात नाही. तीन छोट्या चाचण्या त्याला पुरतात.

तांबड्या लेझर पॉइंटरचा किरण त्याच लोलकातून सोडायचा. तो तेवढाच वळतो, पण ठिपका तांबडा आणि एकच. लोलक रंग देत असता तर इथेही दिले असते. (पॉइंटर १ मिलिवॅटच्या आतला असावा, पण स्वस्त पॉइंटरवरच्या आकड्याचा भरवसा नसतो, तो बाकावर चिकटवून, बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली ठेवावा आणि शिक्षकानेच चालू-बंद करावा. हिरवे पॉइंटर टाळावेत, काहींतून न दिसणारा अवरक्त प्रकाशही येतो.)

दुसरी चाचणी तांबड्या जिलेटिन कागदाची. तो आधी फटीपुढे, मग लोलकानंतर धरायचा. दोन्ही वेळा तांबडा पट्टा त्याच जागी राहतो, बाकीचे जातात.

तिसरी उन्हातच नीट होते: लोलकानंतर २० सेंटीमीटरवर १० सेंटीमीटर नाभीय अंतराचे भिंग, आणि भिंगापलीकडे आणखी २० सेंटीमीटरवर कागद. तिथे लोलकाची प्रतिमा पडते आणि सगळे रंग एकत्र येऊन पांढरा ठिपका होतो. कागद थोडा अलीकडे आणला की रंग सुटे होतात. पलीकडे नेला की पुन्हा सुटे, पण उलट्या क्रमाने.

मूल्यमापनाला ‘अपस्करणाची व्याख्या लिहा’ हा प्रश्न काढून त्याजागी हे दोन टाकले होते. लोलकापासून ३० सेंटीमीटरवर, २० मिलिमीटर रुंद फट असताना पट्ट्याच्या मध्यभागी कोणता रंग दिसेल आणि का? आणि, एका गटाचा अपवर्तनांक नेमका १.०० आला, तर टाचण्या लावताना काय झाले असेल? पहिल्याला ‘सात रंग’ असे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला पुन्हा शिकवण्याऐवजी रुंद फटीचा पुठ्ठा हातात देऊन कागद लोलकापासून भिंतीपर्यंत नेत मागे चालत जायला सांगावे. टॉर्चऐवजी प्रोजेक्टर असेल तर दोन मीटरच्या आसपास पांढरा मध्य आक्रसत जाऊन हिरवा होताना दिसतो.